बाईंना विचारा : अटिलाच्या गादीवर कोण बसलं?

मागच्या अंकात हूणांचा राजा अटिला इ.स. ४५३ मध्ये लग्नाच्या रात्रीच नाकातून रक्त वाहून मेला, इथवर आणून मी थांबले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा गठ्ठा संपादकांनी माझ्यासमोर ठेवला आणि "पुढचं तुम्हीच निस्तरा" म्हणाले. बहुतेकांना पुढे काय झालं ते हवंय. बल्गेरियाचे जुने राजे अटिलाच्या वंशातले होते हे खरं का, असंही बऱ्याच जणांनी विचारलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. आपलं नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : बाई, आमच्या नोट्समध्ये "अटिलाच्या मृत्यूनंतर हूण साम्राज्य लयास गेले" एवढं एकच वाक्य आहे. त्याला मुलं नव्हती का? गादीवर कुणीच बसलं नाही?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, ऐरोली

मुलं होती, आणि गोची तिथेच झाली. एकीला एक नाही, बायका अनेक आणि मुलंही अनेक. त्यातली तीन नावं आपल्याला नीट माहीत आहेत : एलाक, डेंगिझिक आणि एर्नाक.

आधी एक गोष्ट लक्षात घे. हूणांमध्ये बापानंतर थोरला मुलगा असा नियम कधीच नव्हता. ओक्टार आणि रुआ हे दोघे भाऊ एकाच वेळी राज्य करत होते. ओक्टार ४३० मध्ये मेला, रुआ ४३४ च्या सुमारास. मग राज्य गेलं त्यांच्या पुतण्यांकडे, म्हणजे ब्लेडा आणि अटिला या भावांकडे. ४४५ च्या आसपास अटिलाने ब्लेडाला मारलं आणि एकटा उरला. म्हणजे ज्याला आपण हूणांचं साम्राज्य म्हणतो, ते एका माणसाच्या हाती जेमतेम आठ वर्षं होतं.

हे सगळं टिकलं होतं सोन्यावर. पूर्व रोमकडून, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या दरबाराकडून, हूणांना दरसाल ३५० रोमन पौंड सोनं मिळायचं. ४३५ च्या तहात ते ७०० झालं आणि ४४० च्या दशकात २१००. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅमचा, तेव्हा हिशेब तूच कर. हे सोनं सरदारांत वाटलं जायचं, आणि वाटणारा दमदार होता तोवर गेपिड, गॉथ, हेरुल अशा सगळ्या जर्मानिक टोळ्या त्याच्या झेंड्याखाली उभे राहायचे. ४५० मध्ये मार्शियन सम्राट झाला आणि त्याने खंडणी बंद केली. पुढच्या वर्षी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, कॅटलॉनियन मैदानावर अटिलाला मागे फिरावं लागलं. ४५२ मध्ये त्याने इटलीत अक्विलिया शहर धुळीला मिळवलं खरं, पण तिथूनही तो परतला. मेला तेव्हा तिजोरी आटत चाललेली होती.

मुलांनी त्यावर कडी केली. मांडलिक लोकांची आपसांत वाटणी करायची ठरली, आणि तीही चिठ्ठ्या टाकून. घरातले नोकर वाटून घ्यावेत तसे राजे आणि त्यांची माणसं वाटून घ्यायची! गेपिडांचा राजा आर्डारिक अटिलाचा अगदी विश्वासातला. त्याला हे सहन झालं नाही. ४५४ मध्ये पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या भागात, नेडाओ नदीकाठी लढाई झाली, थोरला एलाक पडला आणि बाकीचे काळ्या समुद्राच्या दिशेने पांगले.

डेंगिझिकने पुढे पंधरा वर्षं धुमसत काढली. दोघा भावांनी सम्राट लिओकडे वकील पाठवून तह मागितला होता. डॅन्यूबवर पूर्वीसारखा बाजार भरू द्या, एवढंच म्हणणं. लिओने नकार दिला. डेंगिझिक म्हणाला, लढू. एर्नाक म्हणाला, माझ्या घरच्या लढाया मला पुरेत. ४६९ मध्ये डेंगिझिकचं मुंडकं कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांतून मिरवून खांबावर लावलं गेलं, आणि ते बघायला गर्दी लोटली. एर्नाक मात्र आपल्या माणसांना घेऊन डॅन्यूबच्या मुखाजवळ, आजच्या दोब्रुजा भागात, रोमन हद्दीतच स्थायिक झाला. धाकटा, आणि लढाई टाळणारा. हे नाव लक्षात ठेव, खाली ते पुन्हा येणार आहे.

परीक्षेत मात्र यातलं फार लिहू नकोस. नेडाओ, ४५४, आर्डारिक. बस.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या एकांकिकेसाठी अटिलावर लिहितोय. मागच्या अंकातला तुमचा लेख वाचून मेजवानीचा प्रसंग घ्यायचं ठरवलं. राजा म्हणजे भरजरी कपडे, सोन्याचा मुकुट, मागे मोठं सिंहासन चालेल ना?
— एकांकिकेचा चमू, वाशी

अजिबात चालणार नाही, आणि तुमच्या बजेटच्या दृष्टीने ही आनंदाची बातमी आहे.

४४९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून जो वकील गेला, त्याच्याबरोबर प्रिस्कस नावाचा लिहिता माणूस होता. तो त्या मेजवानीला स्वतः बसला होता आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं. लाकडी वाडा. भिंतीकडेने पाहुण्यांची आसनं, मध्ये अटिलाचा बिछायतीचा कोच. पाहुण्यांना चांदीच्या ताटांत पक्वान्नं आणि प्यायला सोन्या-चांदीचे पेले. अटिलासमोर लाकडी ताट, त्यात फक्त मांस, आणि हातात लाकडी पेला. कपडे साधे, फक्त स्वच्छ. तलवारीला, जोड्यांच्या बंदांना, घोड्याच्या लगामाला इतर सरदारांसारखं सोनं किंवा हिरे-माणकं नाहीत. थोरला मुलगा त्याच कोचाच्या टोकाला बसलेला, बापाच्या धाकाने नजर जमिनीवर. एवढा एक मुलगा तुम्ही नीट बसवलात तर बापाने एक शब्द बोलायची गरज नाही.

संध्याकाळी मशाली पेटल्या. दोघांनी समोर उभं राहून त्याच्या विजयाची गाणी म्हटली. तरुणांना स्फुरण चढलं, म्हातारे रडले. मग झेरकॉन नावाचा बुटका विदूषक आला आणि लॅटिन, हूण आणि गॉथ अशा तिन्ही भाषांची भेळ करून बोलू लागला. सगळे हसून लोटपोट, अटिलाचा चेहरा ढिम्म. तेवढ्यात धाकटा एर्नाक आत येऊन शेजारी उभा राहिला. अटिलाने त्याचा गाल धरून जवळ ओढलं आणि त्याच्याकडे मायेने पाहिलं. प्रिस्कसला नवल वाटलं, तेव्हा लॅटिन जाणणारा शेजारचा पाहुणा कानात कुजबुजला : भविष्य सांगणाऱ्यांनी सांगितलंय, याचा वंश बुडेल आणि हाच पोरगा तो पुन्हा उभा करील.

आता त्या मेजवानीमागचं कारस्थान. तुमचं खरं नाटक तेच आहे. कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातला खोजा क्रिसाफियस याने अटिलाच्या एडेको नावाच्या सरदाराला फोडून अटिलाला मारायचा बेत केला होता. सुपारी ५० पौंड सोन्याची. एडेको हो म्हणाला आणि परत आल्यावर सगळं अटिलाला सांगून मोकळा झाला. मेजवानीला बसलेल्या प्रिस्कसला यातलं काही ठाऊक नाही, अटिलाला सगळं ठाऊक आहे. पुढे दुभाषा बिगिलास ते सोनं घेऊन येताना पकडला गेला. अटिलाने त्याचीच थैली आपल्या ओरेस्टेस नावाच्या चिटणिसाच्या गळ्यात अडकवली आणि त्याला सम्राटाच्या दरबारात पाठवलं : विचार क्रिसाफियसला, ही थैली ओळखतोस का?

या ओरेस्टेसचाच मुलगा रोम्युलस पुढे पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट झाला, आणि ४७६ मध्ये त्याला पदच्युत करणारा ओडोआकर हा एडेको नावाच्या माणसाचा मुलगा. तो एडेको हाच, असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे अटिलाच्या पदरचे दोन नोकर आणि त्यांच्या पोरांनी मिटवलेलं पश्चिम रोम. गादी कुणाकडे गेली असं विचारणाऱ्यांनी इकडेही बघावं, असं मला नेहमी वाटतं.

सिंहासनाचे पैसे वाचतील ते प्रकाशयोजनेवर घाला.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत होतो. वार्नाच्या खाडीत शिरताना डोक्यावरून एक लांबलचक पूल जातो. पायलटने नाव सांगितलं अस्पारुह. "आमचा पहिला राजा" म्हणाला. हा कोण? आणि याचा अटिलाशी संबंध काय?
— निवृत्त चीफ इंजिनीयर, नेरुळ

कॅप्टनला विचारण्याऐवजी पायलटला विचारलंत हे उत्तम केलंत.

बल्गार लोकांचं नाव रोमन कागदपत्रांत पहिल्यांदा ठळकपणे येतं ते ४८० च्या सुमारास. सम्राट झेनोने गॉथांविरुद्ध त्यांची मदत मागितली तेव्हा. म्हणजे डेंगिझिकच्या मृत्यूनंतर जेमतेम दहा वर्षांनी, आणि त्याच काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मुलखातून. पुढच्या शतकात तिथेच कुत्रिगुर आणि उतिगुर या दोन टोळ्या दिसतात, आणि रोमन लेखक त्यांना बिनदिक्कत हूण म्हणतात. सम्राट जस्टिनियनने यांना एकमेकांच्या अंगावर घातलं. ५५९ मध्ये कुत्रिगुरांचा झाबेरगान थेट कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीपर्यंत पोचला आणि म्हाताऱ्या सेनापती बेलिसारियसला पुन्हा चिलखत चढवावं लागलं. मग जस्टिनियनने उतिगुरांच्या सांदिल्खला पत्र पाठवलं : यांचा काटा काढ, यांचं मानधन तुला. सांदिल्खचं उत्तर मला फार आवडतं. भाषा एक, पेहराव एक, अशा भाऊबंदांना समूळ मारणं पाप. त्यांचे घोडे तेवढे पळवतो, म्हणजे तुमच्याकडे यायला त्यांच्यापाशी काही उरणार नाही. पुढे पूर्वेकडून आवार नावाचे भटके घोडेस्वार लोक आले आणि दोन्ही टोळ्यांचा स्वतंत्र कारभार आटोपला.

अस्पारुहचा बाप कुब्रात. तो लहानपणी कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात वाढला, तिथे बाप्तिस्मा घेतला, आणि ६३० च्या दशकात आवारांचं जू झुगारून अझोव्ह समुद्राच्या आसपास त्याने स्वतःचं राज्य उभं केलं. सम्राट हेराक्लियसने त्याला पॅट्रिशियन हा दरबारी मानाचा किताब दिला. १९१२ मध्ये युक्रेनमधल्या पोल्तावाजवळ माला पेरेश्चेपिना गावात खजिना सापडला, वीस किलोहून अधिक सोनं. त्यात काही अंगठ्या आहेत. त्यांवरच्या गुंफलेल्या ग्रीक अक्षरांचं वाचन "कुब्रात, पॅट्रिशियन" असं करतात. आज तो ऐवज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तुमचं जहाज तिकडे कधी लागलं असेल आणि तुम्ही बोटीवरच झोपून राहिला असाल, तर वाईट वाटून घ्या.

कुब्रातनंतर पूर्वेकडून खझार ही आणखी एक भटकी टोळी आली. अस्पारुह आपली माणसं घेऊन डॅन्यूबच्या मुखाशी दलदलीत येऊन बसला. ६८० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइन चौथा फौज आणि आरमार घेऊन आला. दलदलीमुळे लढाई जमेना. सम्राटाचे पाय दुखू लागले आणि तो पाच जहाजं घेऊन मेसेंब्रियाला, म्हणजे आजच्या नेसेबरला, स्नानोपचारासाठी गेला. जाताना सांगून गेला, की बल्गारांच्या किल्ल्याला वेढा घालून बसा. फौजेत आवई उठली की सम्राट पळाला! घोडदळ उधळलं, बल्गार मागे लागले, आणि पाठलाग करत करत पोचले कुठे, तर वार्नाला. तुम्ही ज्या पुलाखालून गेलात तिथेच. ६८१ मध्ये पूर्व रोमने दरसाल खंडणी द्यायचं कबूल केलं. आजचे बल्गेरियन लोक आपल्या राज्याची सुरुवात तिथून मोजतात.

अटिलाशी संबंध? तो पुढच्या उत्तरात.

प्रश्न : एका लेखात बल्गार राजांची जुनी यादी वाचली. पहिला राजा ३०० वर्षं जगला, दुसरा १५०. मी आयुष्यभर हिशेब तपासले. बेरीज करून पाहिली तर बरोबर येते! मग यादी खरी मानायची का? दुसरा राजा म्हणजे अटिलाचा मुलगा एर्नाक असं त्यात म्हटलं होतं.
— निवृत्त लेखापरीक्षक, पाचपाखाडी, ठाणे

साहेब, यादीची बेरीज करून पाहणारे वाचक मला फार कमी भेटतात. तुमचा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात चांगला आहे, म्हणून जागा जास्त घेते.

ज्यांनी यादी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : ही यादी स्लाव भाषेत आहे आणि ती बल्गेरियात सापडलेली नाही. अलेक्सांद्र पोपोव या रशियन अभ्यासकाला १८६१ मध्ये ती रशियन हस्तलिखितांत मिळाली. तिच्या तीनच प्रती आहेत, पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या. बायबलमधल्या राजांच्या पुस्तकांना ती शेपटासारखी जोडलेली. प्रत्येक राजाचं नाव, वर्षं, कूळ आणि एक विचित्र शब्दांची जोडी असा मजकूर. आवितोहोल ३०० वर्षं, कूळ दुलो. इर्निक १५० वर्षं, कूळ दुलो. गोस्तुन २ वर्षं, कारभारी म्हणून, कूळ एर्मी. कुर्त ६० वर्षं, दुलो. बेझमेर ३ वर्षं, दुलो. मग यादी म्हणते, की या पाच जणांनी डॅन्यूबपलीकडे मुंडलेल्या डोक्यांनी ५१५ वर्षं राज्य केलं, आणि नंतर इस्पेरिह अलीकडे आला. कुर्त म्हणजे कुब्रात, इस्पेरिह म्हणजे अस्पारुह, यावर फारसं दुमत नाही. इर्निक म्हणजे एर्नाक आणि आवितोहोल म्हणजे अटिला, हे पुष्कळांना पटतं, सगळ्यांना नाही.

तुम्ही ५१५ ची बेरीज केलीत. आता त्या विचित्र जोड्यांची तपासणी करून बघा, आवडेल तुम्हाला. त्या जोड्या म्हणजे बारा प्राण्यांच्या वर्षचक्रातलं वर्ष आणि महिना. शब्दांचा उलगडा झाला तो एका दगडामुळे. ओमुर्ताग नावाच्या बल्गार राजाने चातालार इथे कोरून घेतलेल्या ग्रीक लेखात एका बांधकामाचं वर्ष बल्गार पद्धतीने "शिगोर एलेम" दिलंय आणि सोबत रोमन पद्धतीनेही. ते वर्ष येतं ८२१-२२. बारा वर्षांच्या चक्रात ८२१ हे बैलाचं वर्ष. किल्ली मिळाली. फिनलंडच्या मिक्कोला या भाषाशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती यादीला लावली.

आता इर्निकचं वर्ष "दिलोम", म्हणजे सापाचं. ४५३ हे सापाचं वर्ष आहे. त्यात १५० मिळवा : ६०३, डुकराचं वर्ष, आणि यादीत गोस्तुनपुढे डुकराचाच शब्द. २ मिळवा : ६०५, बैल, आणि कुर्तपुढे बैलाचाच शब्द. ६० मिळवा : ६६५, पुन्हा बैल, बेझमेरपुढेही तोच. ३ मिळवा : ६६८, इस्पेरिहचं वर्ष. मागे जायचं तर ३०० ला बाराने भाग जातो, म्हणून आवितोहोलचंही वर्ष सापाचंच यायला हवं, आणि यादीत तेच आहे. पै न् पै जुळते. आणि ४५३ हे कोणतं साल, ते या अंकाच्या पहिल्या ओळीत आहे.

इथे बरेच लोक टाळ्या वाजवतात आणि सभा बरखास्त होते. मी थोडी थांबते. यादीत ख्रिस्ती सन एकही दिलेला नाही. ४५३ आपण काढला तो कुब्रातच्या मृत्यूच्या अदमासाने मागे मोजत. आणि साहेब, जुळणारी वही खरी असतेच असं नाही, हे तुमच्याइतकं कोण जाणतं? बनवलेली वही तर हटकून जुळते. कुणीतरी हुशार कारकुनाने कुब्रातपासून मागे जात, प्राण्यांचं चक्र न मोडता, वर्षं भरली असतील तरी बेरीज अशीच येईल. याउलट पुढचा भाग पाहा. इस्पेरिहला ६१ वर्षं दिली आहेत. ६६८ मध्ये ६१ मिळवले तर ७२९ येतं, आणि त्याच्यानंतरचा तेर्वेल तर ७०५ मध्येच कॉन्स्टँटिनोपलच्या दाराशी उभा होता. म्हणजे तिथे राज्याच्या वर्षांऐवजी बहुधा आयुष्याची वर्षं घातली गेली. जिथे खरी माणसं, खऱ्या तारखा येतात तिथे वही बिघडते. मला तो बिघडलेला भागच जास्त भरवशाचा वाटतो.

मग १५० वर्षं जगणारा इर्निक कशाला हवा होता? आपल्या ठाण्यातच याचं उत्तर आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे तिथे, पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचे ताम्रपट सापडले. शके ९३९, इ.स. १०१७. त्यात वंशावळ सुरू होते ती गरुडाला स्वतःचा देह देणाऱ्या विद्याधर जीमूतवाहनापासून, आणि मग येतो कपर्दी, जो राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून उत्तर कोकणात खराखुरा नांदला. शिलाहार स्वतःला तगरपुराचे, म्हणजे आजच्या तेरचे, स्वामीही म्हणवायचे. राज्य मात्र इथे श्रीस्थानकात, म्हणजे ठाण्यात. जीमूतवाहन खोटा म्हणून कुणी कपर्दीला खोटं म्हणत नाही, आणि कपर्दी खरा म्हणून जीमूतवाहनाची जन्मतारीख शोधत नाही. ही वंशावळ दान घेणाऱ्यासाठी आणि शेजारच्या राजांसाठी असते. दुलो कुळालाही शेजारी होते : खझार, आवार आणि कॉन्स्टँटिनोपल. तीनही शेजाऱ्यांनी अटिलाचं नाव ऐकलेलं.

माझं मत विचाराल तर, दुलो कुळाचे लोक स्वतःला एर्नाकचे वारस सांगत होते हे मला पटतं. ते रक्ताने होते की नाही, हे यादीवरून सिद्ध होत नाही. आणि एक बघा, ही यादी शेवटी दुलो कुळाच्या हातून गादी गेल्यावरही पुढे चालू राहते. सेवारनंतर वोकिल कूळ, मग उगाइन, आणि शेवटचा उमोर, चाळीस दिवसांचा धनी. तेव्हा यादी लिहिणाऱ्याला कुळापेक्षा गादी अखंड दाखवायची होती.

प्रश्न : नातू शाळेतून गोष्ट शिकून आला. कुब्रात राजाने पाच मुलांना काटक्यांची मोळी मोडायला दिली, मोडली नाही. एकेक काटकी मोडली. मी म्हटलं ही तर आमच्या लहानपणची शेतकऱ्याची गोष्ट! खरी कुणाची?
— एक आजी, कोपरी

आजी, नमस्कार. तुम्ही बरोबर, आणि नातूही फार चुकला नाही. जुन्या ग्रीक इतिहासकारांनी एवढंच लिहिलंय, की कुब्रातने मरताना मुलांना "वेगळे होऊ नका" असं सांगितलं. काटक्या नंतर कुणीतरी आणल्या. हीच गोष्ट त्याच्या कितीतरी शतकं आधी सिथियन राजा स्किलुरस आणि त्याच्या ऐंशी मुलांबद्दल सांगितली जायची.

मुलांनी अर्थातच ऐकलं नाही. थोरला बातबायान जागेवर राहिला आणि खझारांचा मांडलिक झाला. दुसरा कोत्राग डॉन नावाची नदी ओलांडून गेला. तिसरा अस्पारुह, त्याचं वर आलंच. चौथा आवारांकडे पॅनोनियात आणि पाचवा थेट इटलीत, असं इतिहासकार सांगतात. हेही गोष्टीसारखंच वाटतं ना? मलाही वाटायचं, पण दोन गोष्टी आडव्या येतात. एक, तेव्हा इटलीत राज्य करणाऱ्या लोंबार्डांच्या इतिहासात अल्झेको नावाचा बल्गार सरदार आपली माणसं घेऊन ६६० च्या दशकात आल्याची आणि त्याला दक्षिणेत सेपिनो, बोयानो, इझेर्निया ही गावं मिळाल्याची नोंद आहे. तिथून जवळच कांपोकियारोला घोड्यांसकट पुरलेल्या स्वारांच्या कबरी मिळाल्या. दोन, बल्गेरियात मादारा गावी उभ्या कड्यावर, जमिनीपासून तेवीस मीटर उंच, एक घोडेस्वार कोरलेला आहे. शेजारच्या ग्रीक लेखात तेर्वेलच्या काळातली ओळ आहे : थेसालोनिकीकडच्या माझ्या काकांनी नाक कापलेल्या सम्राटावर विश्वास ठेवला नाही. नाक कापलेला सम्राट म्हणजे जस्टिनियन दुसरा. शत्रूंनी त्याचं नाक कापून त्याला हाकललं होतं आणि तेर्वेलने ७०५ मध्ये त्याला पुन्हा गादीवर बसवलं. थेसालोनिकीजवळ त्या काळी कुबेर नावाचा बल्गार नायक आवारांकडून फुटून आलेला होता. तेर्वेलचा काका म्हणजे अस्पारुहचा भाऊ. काटक्या खोट्या, पण विखुरलेले भाऊ दगडावर कोरलेले आहेत.

नातवाला सांगा, पाचातल्या ज्याने बापाचं ऐकून जागा सोडली नाही, त्याचंच राज्य गेलं.

प्रश्न : आपल्याकडे आलेले हूण राजे तोरमाण आणि मिहिरकुल हे अटिलाचे नातेवाईक होते का?
— इतिहासप्रेमी, नौपाडा

पुरावा नाही. काळ मात्र मजेदार जुळतो. अटिला ४५३ मध्ये मेला, आणि त्याच दशकात गुप्त सम्राट स्कंदगुप्त हूणांशी झुंजत होता. गाझीपूरजवळ भितरीच्या स्तंभावर त्याने ते कोरलंय. तोरमाणाचं नाव एरणच्या वराहमूर्तीवर आहे, मिहिरकुलाचं ग्वाल्हेरच्या सूर्यमंदिराच्या लेखात, आणि मिहिरकुलाला वाकवल्याचा यशोधर्म्याचा दावा मंदसोरजवळ सोंदणीच्या स्तंभावर. हे सगळे बॅक्ट्रिया, म्हणजे आजचा उत्तर अफगाणिस्तान, आणि गांधारमार्गे आले. अटिलाचे लोक व्होल्गा ओलांडून ३७० च्या सुमारास युरोपात शिरले. हूण हे नाव मध्य आशियात वजनदार होतं, आणि वजनदार नाव एकाहून जास्त लोक लावतात. "हूण आले" वाचलं की सगळे एकाच घरचे समजू नका, इतकंच.

प्रश्न : क्रुम राजाने सम्राटाच्या कवटीतून दारू प्यायली हे खरं का?
— आठवी ब, कळवा

हो. जुलै ८११. सम्राट निकेफोरस पहिला याने बल्गारांची राजधानी प्लिस्का जाळली, परतताना डोंगरातल्या खिंडीत अडकला आणि मारला गेला. कवटीला चांदी मढवून क्रुमने आपल्या स्लाव सरदारांना तीतून पाजलं, असं त्याच पिढीतल्या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय. वर्गात सांगताना जेवणाची सुट्टी झाल्यावर सांगा.

प्रश्न : मग हे अटिलाचं नाव सांगणं बल्गारांनी सोडलं कधी?
— वाचक, सीवूड्स

८६४ मध्ये राजा बोरिसने बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून त्याची गरज उरली नाही. जुन्या सरदारांना हे रुचलं नाही. त्यांनी बंड केलं आणि बोरिसने बावन्न सरदारांना कुटुंबासकट संपवलं. ८८९ मध्ये तो गादी थोरल्या व्लादिमीरला देऊन मठात गेला. व्लादिमीर जुन्या देवांकडे वळू लागला. तेव्हा म्हातारा ८९३ मध्ये मठातून बाहेर आला, त्याने मुलाचे डोळे काढले आणि धाकट्या सिमेओनला बसवलं. सिमेओन कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिकलेला. त्याला अटिलाचा वारस म्हणवून घेण्यात रस नव्हता; पुढे त्याने स्वतःला बल्गार आणि रोमन अशा दोघांचाही सम्राट म्हणवून घेतलं, आणि त्यासाठी कॉन्स्टँटिनोपलच्या तटापर्यंत फौज नेली.